प्रेशरची गोळी वाढली

बोरीवलीला परब आजींकडे राहायला गेले, तेव्हा मला काय काय येत नव्हतं याची यादी माझ्याकडे अजून आहे. निळ्या रेक्झिनच्या डायरीत पहिल्याच पानावर ‘शिकणे’ असं लिहून खाली रेघ मारलेली आहे. सिलिंडर बदलणे. रिक्षात बसल्यावर आधी कुठून न्यायचं ते सांगणे. बँकेत कुणाला न विचारता स्लिप भरणे. फ्यूज गेला तर काय करायचं. एकटीने डॉक्टरकडे जाणे. मासे निदान ओळखता येणे. आणि सगळ्यात शेवटी, घरी फोन केल्यावर न रडणे. या शेवटच्या ओळीवर मी पुढे काट मारली, मग काट खोडून ती परत लिहिली, असं तीनदा झालेलं दिसतं. माझी मुलगी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला जाते आहे. परवा तिला म्हटलं, तुला एक यादी करून देते. ती म्हणाली, “आई, प्लीज. तू यादी देशील, मग ती मी वाचली का याची एक यादी करशील.” म्हणून यादी दिली नाही. हे लिहायला बसले.

मी एकवीस वर्षांची होते. जळगावहून आलेली, अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला लागलेली. बाबांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीने आजींचं घर मिळालं. आजी म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या, ताठ पाठीच्या, मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुठल्याशा गोदामात लागले आणि त्याआधीच्या वर्षी वारले होते. मुलगा सुहासदादा मस्कतला. त्याला आईला तिकडे न्यायचं होतं, आईला जायचं नव्हतं. शेवटी तडजोड अशी निघाली की घरात एक मुलगी ठेवायची आणि आईला काही झालं तर मात्र फ्लॅट बंद करून आईने मुकाट्याने मस्कतला यायचं. सुहासदादाने हे मला पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलं. “तुझ्यावर जबाबदारी दोनच. दर रविवारी मला खरं खरं सांगायचं. आणि तिची औषधं आणून द्यायची. बाकी तीच तुला सांभाळेल.” मी दोन्ही गोष्टी डायरीत लिहिल्या. 

सकाळी साडेपाचला पाणी यायचं. त्याआधी नळातून घसा खाकरल्यासारखा आवाज येई आणि आजी हाक मारीत, “मेधा, इलां गो!” म्हणजे पाणी आलं. मग पिंप, कळशा, बादल्या. सहाला पाववाला सायकलचा भोंगा वाजवत फिरे. मंगळवार आणि शुक्रवारी गोराईची कोळीण पाटी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येई आणि दारातच बसकण मारी. मी शाकाहारी घरातली. पहिल्यांदा मी तिला “ताजे आहेत का?” असं विचारलं, तर दोघी इतक्या हसल्या की समोरच्या हंसाबेननी दार उघडून बघितलं. आजींनी माझं बोट धरून बोंबलाच्या पोटावर दाबलं. “विचारतंस काय? दाबून बघ. मासो कधी खोटा बोलणा नाय.” कुळथाची पिठी, सोलकढी, उकड्या तांदळाची पेज, तव्यावर चुरचुरणारा बांगडा. हे सगळं त्या घरात मी नाक न मुरडता शिकले. बांगडा खायला मात्र वर्ष गेलं.

आणि एक गोष्ट मला हळूहळू लक्षात आली. एकटं राहायला शिकत होतो ते आम्ही दोघी. आजी आयुष्यात बँकेची पायरी चढल्या नव्हत्या. विजेचं बिल कुठे भरतात ते त्यांना माहीत नव्हतं. यजमान रिकामं पाकीट बघून गोळ्या आणत, रिकामी बाटली बघून तेल आणत. आजींना काही मागावं लागलंच नव्हतं. गॅसचा नंबर फोनवर लावायचा तर पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलायची, मराठीसाठी एक दाबा. आजी दाबायच्या आणि तिलाच ओरडायच्या, “दाबला गो बाय, दाबला! किती दाबू?” मी हसले की म्हणत, “हस. तुका तरी फ्यूज खंय असता ता कळता?” कळत नव्हतं. एके संध्याकाळी वीज गेली, तेव्हा आम्ही दोघी स्टुलावर चढून मीटरच्या पेटीत टॉर्च मारून उभ्या होतो आणि कुणी कुठल्या बटणाला हात लावायचा यावर आमचं भांडण झालं. शेवटी कळलं की अख्ख्या सोसायटीचीच गेली आहे.

माझी काळजी करण्याची पद्धत मात्र वेगळी होती. मी गॅसची खटकी बंद आहे का ते बघायची, दार ओढायची, जिना उतरायची, गेटपर्यंत जायची आणि परत वर यायची. आजी दारातच उभ्या असायच्या. “बंद असा. जा.” त्या घरातच आहेत, गॅस त्यांच्याच समोर आहे, हे मला कळायचं. तरी पाय परत वळायचे.

पहिल्याच आठवड्यात मिठाचा घोळ झाला होता. मी आमटी ढवळत होते आणि आजी मागून म्हणाल्या, “मेधा, मीठ वाढलंय बघ.” मी घाबरून आमटीत दोन वाट्या पाणी ओतलं, वर एक बटाटा कापून टाकला. जेवताना आजींनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “ह्या काय केलंस?” मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात मीठ वाढलंय. त्यांनी कपाळाला हात लावला. “अगो, बरणी रिकामी झाली म्हणून सांगितलं! घरातला जिन्नस संपला असं म्हणायचं नसतं. वाढला म्हणायचं. तुमच्याकडे नाय म्हणत?” आमच्याकडे आई सरळ संपलं म्हणायची, आणि जोरात म्हणायची. दिवा वाढवणं, नारळ वाढवणं मला ठाऊक होतं, पण त्या घरात तर सगळंच वाढत असे. मी रात्री डायरीत नीट नोंद केली: ‘वाढलं म्हणजे संपलं. मीठ, तांदूळ, कुंकू.’ मला आठवतं, ही नोंद केल्यावर मला फार बरं वाटलं होतं. एक विषय मिटला, असं.

पावसाळा संपून हवा तापायला लागली होती. एका बुधवारी संध्याकाळी आजी हंसाबेनना सोबत घेऊन डॉक्टरांकडे आपला गुडघा दाखवून आल्या. गुरुवारी सकाळी मला उशीर झाला होता. एका पायात चप्पल, खांद्यावर बॅग, डबा हातात, आणि आजी आतून म्हणाल्या, “मेधा, प्रेशरची गोळी वाढली हां.” मी म्हटलं, “बरं,” आणि निघाले. गेटपर्यंत जाऊन परत आले, गॅस बघितला, पुन्हा निघाले. त्यांना वाटलं, ही परत वर आली म्हणजे हिच्या पक्कं लक्षात राहिलं.

मी ऑफिसला पोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं: डॉक्टरांनी गोळी वाढवली. म्हणजे प्रेशर वाढलं आहे. म्हणजे सुहासदादाला कळलं तर फ्लॅट बंद. डॉक्टर लोक असंच बोलतात, गोळी वाढवली, गोळी कमी केली. माझ्या नोंदीत मीठ, तांदूळ आणि कुंकू होतं. गोळी नव्हती. मी दिवसभर खोक्यांच्या चलनांवर शिक्के मारले आणि काळजी केली, आणि घरी येऊन जी जी काळजी घेता येईल ती सगळी घेतली. आमटीत मीठ कमी घातलं. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. कोळणीला सांगितलं, सुकट नको. आजींना जिना उतरू देईना, दूध मी आणायला लागले. त्यांना वाटलं असेल, ही आज काय लाडात आली आहे. गोळी घेतली का, एवढं मात्र मी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना कळेल की मला काळजी वाटते आहे, मग त्या घाबरतील, मग प्रेशर आणखी वाढेल. काळजी करणारी माणसं किती हुशार असतात बघा.

आणि त्यांनीही विचारलं नाही, गोळ्या आणल्यास का म्हणून. नंतर मी त्यांना कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “एकदा सांगितलं होतं ना. परक्याच्या पोरीला दोनदा काय सांगायचं? विसरली असेल, आज आणील, असं करत राहिले.”

रविवारी दुपारी मस्कतहून फोन आला. आजी हंसाबेनकडे पापड लाटायला गेल्या होत्या. सुहासदादाने नेहमीचं विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना तिच्या?” गोळी वाढली आहे, हे सांगायला हवं होतं. खरं खरं सांगायचं, हीच माझी पहिली जबाबदारी होती. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिले. म्हटलं, “हो, चालू आहेत.” औषधांचा स्टीलचा डबा फोनपासून दोन हातांवर होता. मी झाकण उघडून बघितलं नाही.

सोमवारी साडेअकराला ऑफिसात माझ्यासाठी फोन. हंसाबेन. “मेधा बेटा, तू ये ना जल्दी. माजीला चक्कर आला, पडल्या, उलटी पण झाली. मी डॉक्टरकडे घेऊन बसली आहे.” साहेबांना काय सांगितलं आठवत नाही. हायवेला रिक्षा धरली. आधी कुठून न्यायचं ते सांगायचं असतं, हे मला त्या दिवशी आपोआप जमलं. तेव्हा मेट्रो नव्हती, पुलांची कामं चाललेली, जोगेश्वरीला तर रिक्षा जागची हलेना. मी डोक्यात यादी करत होते. कुठलं हॉस्पिटल जवळ. रक्तगट कुठे लिहिलाय. सुहासदादाचा नंबर. कपाटाची किल्ली. एक एक गोष्ट मांडली की दुसरी निसटत होती, आणि सगळ्यांच्या मागे एकच वाक्य, मी ‘हो’ म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, रडू नका, पोचवतो.” तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं की मी रडते आहे.

दवाखान्यात आजी आतल्या खाटेवर डोळे मिटून होत्या. अंबाडा एका बाजूला सुटलेला. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर दंडाची पट्टी सोडत होते. म्हणाले, “प्रेशर फार चढलंय. औषध दिलंय, दोन तास बघू. खाली आलं नाही तर ॲडमिट करावं लागेल. गोळ्या बंद का केल्या यांच्या?”

मी म्हटलं, “बंद नाही केल्या डॉक्टर. तुम्ही वाढवल्यात ना?”

“मी? मी कशाला वाढवू? बुधवारी प्रेशर नॉर्मल होतं. गुडघ्याला मलम दिलं फक्त.”

“पण आजी म्हणाल्या, गोळी वाढली...”

आणि हे वाक्य माझ्याच तोंडून माझ्या कानावर पडलं. आजींनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनाही कळलं. हंसाबेन आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. “शूं थयुं? कोणी सांगा ना मला!”

ते दोन तास मी भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून काढले. दर वीस मिनिटांनी डॉक्टर आत जात, फुग्याचा फुसफुस आवाज येई, ते बाहेर येऊन मला आकडा सांगत आणि मी तो डायरीत लिही. अक्षर बघितलं तर माझं वाटत नाही. चौथा आकडा पहिल्यापेक्षा थोडा खाली होता, पाचवा बराच खाली. सहाव्याला डॉक्टर म्हणाले, “घरी न्या. आणि बाई, तुम्ही दोघी एका घरात राहता ना? एकमेकींशी बोलत जा.”

घरी आणून त्यांना निजवलं, डॉक्टरांनी दिलेल्या चार दिवसांच्या गोळ्या डब्यात ठेवल्या, पेज केली. दोन घास घेतल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. “सुहासला सांगू नको हां.”

मी वाटीतली पेज ढवळत राहिले.

“तो येईल. बॅगा भरील. माका थंय काचेच्या खिडकीत बसवून ठेवतील गो. ना शेजार, ना पाजार. इथे मी गॅसचा नंबर लावते, बँकेत सही करते. आत्ता कुठे जमायला लागलंय.”

मलाही आत्ता कुठे जमायला लागलं होतं. सांगितलं नसतं तर त्याला कळलं नसतं, हंसाबेनना मी गप्प करू शकले असते. मी ताट घासलं, ओटा पुसला, ओटा पुन्हा पुसला. मग म्हटलं, “आजी, काल मी त्याला खोटं बोलले. बघितलं नाही आणि हो म्हटलं. आज पुन्हा लपवलं तर पुढच्या रविवारी मी जे सांगेन त्याला काय अर्थ राहील? त्याचं सोडा, मलाच ते खरं वाटणार नाही.”

आजी भिंतीकडे वळल्या. “मग कर काय ता,” एवढंच म्हणाल्या. मी फोन लावला. सुरुवातीपासून सांगितलं, मिठापासून. मी कुठे चुकले ते आधी, त्या कुठे चुकल्या ते नंतर.  शेवटी तो म्हणाला, “तिकीट काढतो.”

तो यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत आजी माझ्याशी कामापुरतं बोलत. आणि मी घरात एक नवी पद्धत सुरू केली, खरं तर ऑफिसातली जुनी. डिस्पॅचला फोनवर ऑर्डर आली की घेणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची, पलीकडच्याने बरोबर म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. किती खोकी, कुठलं माप, कुठला ट्रक. हे मी दिवसातून तीस वेळा करत होते आणि घरी येऊन एकदाही केलं नव्हतं. मी आजींना म्हटलं, आता तुम्ही जे सांगाल ते मी परत म्हणणार. मी सांगेन ते तुम्ही परत म्हणायचं.

“मी काय ट्रक आहे?” आजी म्हणाल्या. रुसवा धरून बसलेल्या, तरी हे बोलल्याच.

“म्हणा ना.”

“संध्याकाळी येताना दूध आणि प्रेशरच्या गोळ्या आणणार, पंधराचं एक पाकीट, आणि डबा उघडून मला दाखवणार. झालं समाधान?”

“बरोबर.”

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना यात गंमत वाटायला लागली. कोळीण भाव बोलली की आजी तिलाही परत म्हणायला लावत. कोळीण म्हणाली, “म्हातारे, शाळा काढलीस की काय?”

सुहासदादा आला तो दोन मोठ्या बॅगा घेऊन. एक उघडली, त्यात आमच्यासाठी खजूर, बदाम, साबणाच्या वड्या. दुसरी रिकामी होती. ती त्याने पलंगाखाली सरकवली. आम्ही तिघांनीही ती बघितली. आठ दिवस तो घरात बसून सगळं बघत होता. मी केर काढताना बॅगेला झाडू लागायचा आणि माझा हात थबकायचा. आजी त्याला न सांगता एकट्या डॉक्टरकडे जाऊन आल्या, चिठ्ठी आणली, दुकानातून गोळ्या आणल्या, पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी ताडून बघितलं. अक्षर लागेना तेव्हा दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावलं. येऊन पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो पाकीट उलटसुलट करत राहिला. मग एकदम म्हणाला, “बाबा असताना तू कधी खाली एकटी गेली नव्हतीस.”

“नाय गेले,” आजी म्हणाल्या. “गरज नव्हती.”

निघायच्या दिवशी सकाळी दुसरी बॅग पलंगाखालून बाहेर आली. मी हातातला झाडू ठेवला. मग बघितलं, आजी तिच्यात कुळथाच्या पिठीच्या पिशव्या रचत होत्या. कोकमं, मालवणी मसाला, काजू. साडी एकही नव्हती. सुहासदादा दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.  काय ठरलं, कधी ठरलं, मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

खाली रिक्षा येऊन उभी राहिली. त्याने बॅगा दाराशी नेल्या, चपला घातल्या आणि सूचना सुरू केल्या. गोळी नाश्त्यानंतर. महिन्याला एकदा डॉक्टर. फोनजवळ नंबर लिहून ठेवा. जिना सावकाश. हंसाबेनकडे एक किल्ली द्या. पाणी उचलायचं मेधाने. रविवारी दोघींनी बोलायचं, एकीने नाही. आजी ताठ उभ्या राहून मान हलवत होत्या. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, “आता माझं ऐक. पोचल्यावर फोन कर. पिठी फ्रीजमध्ये ठेव. मसाल्याची बरणी उन्हात नको. सुनेला सांग, काजू पोरांना द्या, पाहुण्यांना नको. आणि तुझं पण प्रेशर एकदा तपासून घे, तुझ्या बाबांचं पण याच वयात सुरू झालं होतं.”

“हो आई. सगळं लक्षात आहे. येतो.”

“थांब. परत म्हण.”

“आई, रिक्षा उभी आहे.”

“परत म्हण.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबत दाराच्या कडीकडे बघत राहिले. त्याने बॅग खाली ठेवली आणि बोटांवर मोजत म्हणायला लागला, “पोचल्यावर फोन. पिठी फ्रीजमध्ये. मसाला... उन्हात नको. काजू पोरांना.” चार बोटं दुमडली. अंगठा तसाच वर राहिला.

“पाचवं?” आजी म्हणाल्या.

त्याला आठवेना. खाली रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

“वाजवू दे त्याला,” आजी म्हणाल्या आणि स्टूल पुढे सरकवलं. “बस खाली. पहिल्यापासून सांग.”